रात्री जागं कोण आहे

पहाटे ५:१०

निगडी प्राधिकरण. गॅसवर चहा उकळतोय आणि जेवणाच्या टेबलावर माझी बॅग उघडी पडली आहे. गेली २२ वर्षं मी पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या लहान-मोठ्या हॉस्पिटलांत भूल द्यायला जाते. एका जागी नोकरी नाही. फोन येतो, वेळ ठरते, बॅग उचलायची आणि निघायचं.

बॅगेत दोन डबे आहेत. पांढऱ्या डब्यात फक्त पाठीत जाऊ शकेल असंच औषध राहतं: बुपिव्हाकेन हेवीच्या ४ मिलीच्या कुप्या, डेक्समेडेटोमिडीन, क्लोनिडीन, २५ आणि २७ नंबरच्या स्पायनलच्या सुया, इन्सुलिनच्या सिरिंजा. निळ्या डब्यात बाकी सगळं: मेफेन्टरमीन, अॅट्रोपिन, ओंडान्सेट्रॉन, नालोक्सोन. निळ्यातली कुपी पांढऱ्यात कधीही जात नाही. घाईतही नाही, दोनच मिनिटांसाठीही नाही. फेंटानिल आणि मॉर्फिन बॅगेत नसतं. ते ज्या हॉस्पिटलकडे परवाना आहे त्यांच्या कुलपात असतं आणि तिथंच वहीत सही करून घ्यावं लागतं.

आज चार पेशंट. एक सिझेरियन, चाकणला दोन पाय, रात्री एक मूळव्याध.

६:४०

भोसरीतलं प्रसूतिगृह. दुसरं सिझेरियन, ठरवून केलेलं. बाई २९ वर्षांची, नवरा तळवड्याला कंपनीत, रात्रपाळी संपवून गणवेशातच येऊन बाहेर उभा आहे.

"मॅडम, पाठीतल्या सुईनं पुढं कंबर धरते म्हणतात."

हा प्रश्न मला रोज येतो आणि मी तो कधी उडवून लावत नाही. पहिल्या बाळानंतर तिची कंबर दुखलीच होती. वाकून दूध पाजणं, बाळ उचलणं, झोप नाही, त्यात कंबरेचे सांधे बाळंतपणानं सैल झालेले. सुईची जागा दोन-चार दिवस दुखते, ते मी कबूल करते. वर्षभराचं दुखणं सुईचं नसतं, हेही सांगते. पाय खाली सोडून, उशी पोटाशी धरून ती बसते. मावशी तिचे खांदे धरतात. "मांजर पाठ काढतं ना, तशी पाठ काढा." सुई आत जाते, बारीक पाणी येतं. काचेसारखं स्वच्छ.

सिरिंजमध्ये १.८ मिली हेवी आणि ०.४ मिली फेंटानिल आहे, म्हणजे २० मायक्रोग्रॅम. इथं परवाना आहे, कुलूप आहे, वही आहे. फेंटानिल कशासाठी, हे एकदा नीट सांगायला हवं. बुपिव्हाकेन मज्जातंतूतून जाणारा निरोपच अडवतं. स्पर्श, दुखणं, हालचाल, सगळं. पण सिझेरियनमध्ये बाळ काढल्यावर गर्भाशय ओढलं जातं, पोटाच्या आतलं आवरण ताणलं जातं, आणि तो ताण कापल्याच्या वेदनेपेक्षा निराळ्या वाटेनं वर जातो. बाई म्हणते, "दुखत नाही, पण कसंतरी होतंय, छातीत ओढल्यासारखं." बुपिव्हाकेन वाढवून ते झाकायला गेलं तर बीपी आणखी कोसळतं. फेंटानिल अफूच्या कुळातलं; ते मज्जारज्जूतल्या ग्रहणबिंदूंवर बसतं आणि नेमकं ते ओढणं मऊ करतं. बीपी त्यानं फारसं ढळत नाही. मुख्य बाधा एकच, अंगाला खाज.

स्पिरिटचा बोळा पोटावरून वर सरकवत मी विचारते, "गार लागतंय?" छातीच्या रेषेपाशी ती म्हणते, "आता लागतंय." मग डॉक्टरांना मान डोलावते. सातव्या मिनिटाला मुलगी रडते. नंतर थोड्याच वेळात आई नाक चोळू लागते. "नाक खाजतंय हो मॅडम." मी तिला आधीच सांगितलेलं असतं, म्हणून ती हसते.

याच खोलीत एक गोष्ट मी दर वेळी तपासते. रक्तस्राव थांबवायला ट्रानेक्झामिक अॅसिड लागतं, आणि त्याची काचेची कुपी हेवीच्या कुपीसारखी दिसू शकते. जगभरात ती चुकून पाठीत दिली गेली आहे. पेशंटला झटके येतात, हृदयाचे ठोके बिघडतात, आणि बरेचदा त्यातून कोणी वाचत नाही. मार्च २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं त्यावर इशारा काढला. मी जिथं जाते तिथं सांगते, ट्रानेक्झामिक स्पायनलच्या ट्रेवर नको, भूलवाल्याच्या ट्रॉलीवरही नको, खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवा. कधी कधी नवी सिस्टर मला हट्टी समजते. समजू दे. कुपी फोडण्याआधी मी तिच्यावरचं नाव मोठ्यानं वाचते आणि सिस्टरकडून परत वाचून घेते.

८:५०

भोसरीहून चाकण. मोशीपर्यंत गाडी चालते, चिंबळी फाट्याला अडकते, कुरुळीला थांबते. पुढं कंटेनर, मागं कंपनीची बस, दोन्ही बाजूंनी दुचाक्या. माझे निम्मे पेशंट याच रस्त्यानं मला दिले आहेत. चाकण-तळेगाव रस्ता आणि हा नाशिक रस्ता मिळून दर आठवड्याला नडगी, मांडी, घोटा पाठवतात. प्रेसखाली बोटं जाणारी मुलं निराळी. त्यांना पाठीत नाही, काखेत किंवा मानेपाशी ब्लॉक द्यावा लागतो.

गाडी थांबलेली असताना शिकत होते तेव्हाचा एक दिवस आठवतो. एका सरकारी रुग्णालयात मी निवासी डॉक्टर होते. तेव्हा पाठीत देण्यासाठी ५ टक्के लिग्नोकेन हेवी सर्रास वापरत. तासाभरात उतरायचं. एका गवंड्याच्या मांडीचं ऑपरेशन लांबलं, सव्वा तास झाला, आणि तो टेबलावर पाय आखडायला लागला. सर्जन म्हणत होते पाच मिनिटं, आणि ती पाच मिनिटं २० झाली. केटामीन देऊन आम्ही त्याला झोपवलं. पण झोपवण्याआधीची ती दोन-तीन मिनिटं त्यानं जागेपणी सोसली, माझा हात धरून. वेळ पुरली नाही की पेशंटचं काय होतं ते मला तेव्हा कळलं. भूल लांबवणाऱ्या जोडीच्या औषधांमागं मी इतकी का लागले, याचं कारण ते आहे.

पाठीत भूल देण्याची आणि तिला जोड देण्याची कल्पना जुनी आहे. जर्मनीत कील इथं ऑगस्ट बियर यांनी १६ ऑगस्ट १८९८ ला पाठीत कोकेन देऊन पहिलं ऑपरेशन केलं. आठवडाभरानं त्यांनी आणि त्यांचे सहायक हिल्डेब्रांट यांनी एकमेकांवरच प्रयोग केला आणि बियर यांचं डोकं पुढं कित्येक दिवस ठणकत राहिलं. कोकेनबरोबर अफूच्या कुळातलं औषध पाठीत देण्याची गोष्ट रोमानियाच्या राकोविचानू-पितेश्ती यांनी १९०१ मध्येच पॅरिसला सांगितली होती. पण ते का काम करतं हे कोणाला ठाऊक नव्हतं. मज्जासंस्थेतले अफूचे ग्रहणबिंदू सापडले १९७३ मध्ये, आणि १९७९ मध्ये अमेरिकेत मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी कॅन्सरच्या पेशंटना पाठीत मॉर्फिन दिलं. ७० वर्षं औषध हाताशी होतं आणि कारण हाताशी नव्हतं.

१०:२०

चाकण, तळेगाव चौकापासून आत. २० खाटांचं हॉस्पिटल, एक ऑपरेशन थिएटर, एक सी-आर्म एक्स-रे यंत्र, व्हेंटिलेटर नाही. रात्री एक सिस्टर आणि एक आरएमओ, म्हणजे निवासी डॉक्टर. हे मी आल्या-आल्या विचारून घेते, पेशंट बघण्याच्याही आधी. आज रात्री कोण? किती पेशंट भरती? आज १४ पेशंट आहेत, आणि सिस्टर पाच वर्षांची अनुभवी आहे. बरं वाटलं.

पहिला पेशंट २४ वर्षांचा, नांदेड जिल्ह्यातला. वेअरहाऊसमध्ये माल चढवायला आहे. काल रात्री आठच्या सुमाराला टेम्पोनं दुचाकी उडवली. डाव्या नडगीची दोन्ही हाडं मोडली आहेत, जखम उघडी नाही. रॉड टाकायचा आहे. भाऊ शेजारी उभा, दोघं एकाच खोलीत राहतात.

सर्जन माझ्या ओळखीचे, हाताला स्वच्छ माणूस. ते म्हणाले, "मॅडम, जरा लांबेल असं द्या. रात्रभर दुखलं नाही पाहिजे, पोरगं फार कण्हतंय."

मी चादर बाजूला करून पोटरीला हात लावला.

इथं थांबून सांगते, कारण आजच्या दिवसातली सगळ्यात अवघड गोष्ट हीच होती. नडगीच्या हाडाभोवती स्नायूंचे कप्पे असतात, आणि त्यांच्यावरचं आवरण न ताणणारं असतं. हाड मोडलं, आत रक्त साचलं, सूज आली, की कप्प्यातला दाब वाढतो. तो एका मर्यादेपलीकडं गेला की स्नायूंना रक्त मिळत नाही, आणि काही तासांत स्नायू मरायला लागतो. पाय वाचवायचा तर आवरण लगेच चिरून मोकळं करावं लागतं. हे ओळखायची सगळ्यात लवकरची खूण कुठली, तर वेदना. मोडलेल्या हाडाला शोभते त्याहून जास्त, इंजेक्शनला न जुमानणारी, आणि पायाची बोटं कोणी हलक्यानं ताणली तर किंचाळायला लावणारी. पायाची नाडी शेवटपर्यंत लागू शकते. नाडी लागते म्हणून निर्धास्त राहिलेल्यांचे पाय गेले आहेत.

आता मी जर पाठीत असं काही दिलं की हा मुलगा मध्यरात्रीपर्यंत शांत झोपेल, तर ती खूणच पुसली जाईल.

पोटरी ताणलेली होती, पण दगडासारखी नव्हती. बोटं वरखाली केली तेव्हा तो "आई गं" म्हणाला, पण सहन करत होता. सर्जननीही हात लावून पाहिलं. पोटरी याहून घट्ट असती तर इथं हात न घालता त्याला वायसीएम रुग्णालयासारख्या मोठ्या ठिकाणी पाठवायचं, यावर आमचं आधीच एकमत होतं.

"सर, याला मी साधंच देणार. जोडीला काही नाही. दोन-सव्वादोन तास मिळतील."

"आणि रात्री?"

"रात्री तो दुखतंय म्हणाला तर आपल्याला ऐकू यायला पाहिजे."

ते क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, "दीड तासात करतो." हे वाक्य मी त्यांच्याकडून याआधीही ऐकलं आहे, पण आज त्यांनी ते खरं केलं.

मुलाला आणि भावाला मी दोघांना समोर बसवून सांगितलं. संध्याकाळी पाय दुखेल. औषध मिळेल, पण पूर्ण बंद होईल असं नाही. दुखणं वाढतंय असं वाटलं तर ओरडायचं, लाजायचं नाही, सिस्टर झोपली असेल असा विचार करायचा नाही. भावानं विचारलं, "मॅडम, पैशाचा प्रश्न आहे का? चांगलं औषध असंल तर द्या, मी बघतो." ते ऐकून माझ्या पोटात कालवलं. साधं औषध म्हणजे गरिबाचं औषध, असं त्याला वाटलं. मी त्याला पोटरीचे कप्पे हातानं दाखवून पुन्हा सगळं सांगितलं. पैशाचा संबंध नाही, हे तीनदा म्हटलं.

११:०५ ला ३ मिली हेवी. पाठ टेबलाला लागली आणि पाच मिनिटांत तो म्हणाला, "मॅडम, पाय माझाच आहे ना?" उचलून धरलेला स्वतःचा पाय त्याला परक्यासारखा दिसत होता. १२:५० ला शेवटचा टाका. पावणेदोनला उजव्या पायाचा अंगठा हलला, मग डाव्याचा.

दुपारी १:५५

डबा. मेथी, भाकरी, ताक. दहा मिनिटं.

२:१०

दुसरा पेशंट त्याच टेबलावर. वय ३६, भोसरी एमआयडीसीत मशीन ऑपरेटर, मूळचा बीडकडचा. मांडीचं हाड वर्षापूर्वी मोडलेलं, प्लेट टाकलेली, पण हाड जुळलंच नाही. आज जुनी प्लेट काढायची, कमरेच्या हाडातून तुकडा घ्यायचा, मांडीत भरायचा, नवी प्लेट बसवायची. तीन तास तरी. ताजी इजा नाही, सूज नाही, माणूस तब्येतीनं खणखणीत, नाडी ७८. इथं वेळ लांबवण्यात मला धोका कमी आणि फायदा पुष्कळ दिसतो.

पण कुठल्या औषधानं? या हॉस्पिटलकडे फेंटानिलचा परवाना नाही. अमली पदार्थांचा कायदा १९८५ चा. २०१४ मध्ये तो बदलला, मॉर्फिन, फेंटानिल यांसारखी सहा औषधं 'अत्यावश्यक' ठरवून परवान्याची वाट सोपी करण्यात आली. तरी २० खाटांच्या हॉस्पिटलला वह्या, कुलूप, तपासणी हे सगळं नको वाटतं आणि बरेच जण त्या वाटेला जातच नाहीत. मला हे पटत नाही. वेदनेवरचं औषध वहीच्या भीतीनं पेशंटपासून लांब राहावं, हे बरोबर नाही. पण आज दुपारी सव्वादोनला माझ्या हातात जे आहे, त्यातूनच मला निवडायचं आहे.

ब्युप्रेनॉर्फिन मिळतं, लांब टिकतं, स्वस्तही आहे. पण उलट्या फार होतात, आणि अफूच्या कुळातलं असल्यानं श्वासावर रात्रभर लक्ष हवं. १४ पेशंटमागं एक सिस्टर असताना मी ते देत नाही. पाठीत मॉर्फिनचं तर इथं नावच नको. आपल्याकडं कुपीत १० किंवा १५ मिलिग्रॅम असतं आणि पाठीत द्यायचं ०.१ मिलिग्रॅम. पातळ करताना शून्याची एक चूक झाली तर मध्यरात्रीनंतर माणूस झोपेतच श्वास घ्यायचं विसरतो. क्लोनिडीन बीपी खाली आणतं. हाडातून रक्त जाणाऱ्या ऑपरेशनमध्ये ते मला आणखी खाली नको.

उरतं डेक्समेडेटोमिडीन. मज्जारज्जूत दुखण्याचा निरोप पुढं ढकलणारी जी रसायनं सुटतात, त्यांना ते आवर घालतं. श्वास दाबत नाही. नाडी मंदावते, ती बघावी लागते. २००६ मध्ये बैरुतच्या डॉक्टरांनी ६० पेशंटवर केलेला अभ्यास माझ्या पिढीच्या भूलतज्ज्ञांनी पुन्हा पुन्हा वाचला आहे. नुसत्या बुपिव्हाकेननं पाय पूर्ण हलायला सरासरी १६३ मिनिटं लागली. ३० मायक्रोग्रॅम क्लोनिडीन जोडल्यावर २१६, आणि फक्त ३ मायक्रोग्रॅम डेक्समेडेटोमिडीन जोडल्यावर २५०. त्यानंतर भारतात या औषधावर एमडीचे प्रबंध ढिगानं झाले. तरीही त्याच्या वेष्टणावर पाठीत देण्याचा उल्लेख नाही. मूळ मान्यता अतिदक्षता विभागात गुंगी आणण्यासाठी, शिरेतून. हे मी संमतिपत्रावर लिहिते आणि पेशंटला मराठीत सांगते. तो म्हणाला, "तुम्ही दिलंय का आधी?" दिलंय, पुष्कळदा. "मग द्या."

आता तो थेंब. कुपीत १ मिलीत १०० मायक्रोग्रॅम. मला हवे ५. म्हणजे ०.०५ मिली, सुईच्या टोकाला लोंबेल एवढंच. साध्या सिरिंजवर ते मोजताच येत नाही, म्हणून इन्सुलिनची सिरिंज. आणि इथंच खड्डा आहे. इन्सुलिनच्या सिरिंजा आपल्याकडं दोन जातींच्या: लाल टोपणाची ४० युनिटची आणि नारिंगी टोपणाची १०० युनिटची. दोन्हींत १ मिलीच मावतं, पण रेघा निराळ्या. शंभरीवर माझे ५ मायक्रोग्रॅम म्हणजे ५ रेघा. चाळिशीवर तेच २ रेघा.

नऊ-दहा वर्षांपूर्वी एका हॉस्पिटलात माझी शंभरीची सिरिंज संपली होती. हाताला आली ती चाळिशीची मी घेतली आणि सवयीनं ५ रेघा भरल्या. म्हणजे साडेबारा मायक्रोग्रॅम, अडीच पट. ऑपरेशन झालं, नाडी ४२ वर गेली, अॅट्रोपिन दिलं, सावरली. पण पाय हलेनात. दुपारी बाराला दिलेली भूल, पाच वाजले, सहा वाजले. त्याची बायको पायाशी बसून तळवे चोळत होती आणि मला विचारत होती, "मॅडम, पाय गेले का?" मी कचऱ्याच्या बादलीतून ती सिरिंज काढून पाहिली, लाल टोपण दिसलं आणि सगळं कळलं. मी त्या दोघांना सांगितलं की चूक माझी आहे, औषध जास्त गेलं आहे, पाय परत येतील. सातच्या पुढं अंगठा हलला. तोवर मी त्या खाटेशेजारून उठले नाही. त्या दिवसापासून माझ्या बॅगेत चाळिशीची सिरिंज नाही आणि दुसऱ्याची सिरिंज मी घेत नाही.

२:२५. नारिंगी टोपण. मी मोठ्यानं म्हणते, "शंभरची, पाच रेघा," आणि सिस्टर वाकून रेघा मोजते. ३.५ मिली हेवीमध्ये तो थेंब सोडते. हेवीत साखर असते, एका मिलीत ८० मिलिग्रॅम डेक्स्ट्रोज, म्हणून ते पाठीच्या पाण्यात खाली बसतं. थेंब नीट मिसळला पाहिजे, म्हणून बॅरलमध्ये हवेचा बुडबुडा ठेवून सिरिंज दोनदा उलटी-सुलटी करते, बुडबुडा काढते, मग सुईला जोडते.

पुढचे तीन तास सांगण्यासारखं फार नाही. तो गुंगीत होता, हाक मारली की डोळे उघडायचा. चारच्या सुमाराला नाडी ५२. अॅट्रोपिन हातात घेतलं, द्यावं लागलं नाही. कमरेचं हाड छिनीनं काढताना टेबल हादरत होतं आणि त्यानं विचारलं, "सुतारकाम चाललंय का?" ५:३० ला ड्रेसिंग. त्याला काही कळलं नव्हतं. त्या गवंड्याची मला अशा वेळी आठवण येते.

६:२०

निघण्याआधी सिस्टरच्या वहीत दोन्ही पेशंटची दोन निराळी पानं लिहिली. मांडीवाल्याचं: दर तासाला नाडी आणि बीपी; ५० च्या खाली मला फोन; पाय साडेसात-आठपर्यंत हलले नाहीत तरी घाबरायचं नाही, दहापर्यंत हलले नाहीत तर फोन; लघवीची नळी सकाळपर्यंत. नडगीवाल्याचं: दर तासाला बोटं ताणून बघायची, पोटरी दाबून बघायची, दुखणं दहापैकी किती ते विचारून लिहायचं. नुसतं 'पेशंट शांत' असं लिहायचं नाही.

नवे सहकारी मला विचारतात, जोडीच्या औषधांतलं सगळ्यात चांगलं कुठलं. पुस्तकात तक्ता मिळतो: किती मिनिटं, किती खाज, किती उलट्या. त्या तक्त्यात एक रकाना नसतो, तो मी त्यांना माझ्याकडून घालून देते. आपण लांबवलेला प्रत्येक तास कोणीतरी जागून सांभाळायचा असतो. तो माणूस त्या हॉस्पिटलात नसेल तर तो तास पेशंटला देऊ नये.

७:३५

भोसरी. सकाळची बाळंतीण कुशीवर वळून पाजते आहे. खाज दुपारीच थांबली. फेंटानिलही दुपारी उतरलं, तेव्हापासून वेळेवर पॅरासिटामॉल आणि डायक्लोफेनॅक. नवरा आता घरून कपडे बदलून आला आहे.

८:३०

चिंचवड. मूळव्याध. रिक्षाचालक, रात्री घरी जायचंय. १ मिली हेवी, बसवूनच, म्हणजे फक्त बैठकीची जागा बधिर होईल. जोडीला काही नाही. त्याला लवकरात लवकर लघवी होऊन चालता यायला हवं. १५ मिनिटांचं काम.

रात्री १०:१०

घरी. जेवण झालं. चाकणचा फोन मीच लावला. मांडीवाल्याचे पाय आठलाच हलले, नाडी ६०, दुखणं दहापैकी दोन, भात खाल्ला. नडगीवाला दहापैकी सहा.

११:४०

फोन वाजला.

"मॅडम, नडगीवाला रडतोय. भाऊ भांडतोय की शेजारचा बघा कसा झोपलाय. ट्रामाडॉल दिलंय, अर्धा तास झाला. अजून काही स्ट्राँग देऊ का?"

"आधी बोटं ताण. फोन चालू ठेव."

फोन खाटेवर ठेवल्याचा आवाज. पंखा. कोणीतरी खोकतंय. मग तिचा आवाज, "दादा, अंगठा वर करते हं." आणि तो, "हां... दुखतंय. पण मगाशीएवढंच. वर नडगीत दुखतंय, जिथं मोडलंय तिथं."

"पोटरी?"

"मऊ आहे मॅडम. संध्याकाळपेक्षा मऊ आहे."

"बोटांना मुंग्या? बधिर?"

"नाही म्हणतो."

"दहापैकी किती?"

पुन्हा विचारल्याचा आवाज. "सात होतं, आता पाच-सहा म्हणतोय."

म्हणजे औषधाला दाद देतंय. हे हाडाचं दुखणं आहे, कप्प्याचं नाही. पॅरासिटामॉलची बाटली लावायला सांगितली, पाय छातीच्या पातळीलाच ठेवायला सांगितला, वर टांगायचा नाही. आरएमओला उठवून एकदा हात लावायला सांगितलं. मग भावाला फोन द्यायला सांगितला.

"दादा, मी सकाळची मॅडम. त्याला दुखतंय हे मला माहीत आहे. शेजारच्यासारखं औषध मी त्याला मुद्दाम दिलं नाही, त्याचं कारण सकाळी सांगितलं होतं."

थोडा वेळ तो काही बोलला नाही. "पोटरीचं ना?"

"हो. तुम्ही स्वतः हात लावून बघा आता. दर तासाला बघा. घट्ट वाटली तर सिस्टरला उठवा, सिस्टरनं ऐकलं नाही तर मला. नंबर लिहून घ्या."

त्यानं नंबर दोनदा वाचून दाखवला. मी दोनचा गजर लावला, फोन उशाशी ठेवला आणि उद्याच्या पहिल्या केससाठी पांढरा डबा उघडून कुप्या मोजल्या.